मैदानावरून महापालिकेत : डेट्रॉईटच्या दोन खेळाडूंची कहाणी

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला 'खेळाडू आणि समाजकार्य' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आज ज्यांचा सत्कार होत आहे त्यांत परीक्षेत उत्तम गुण मिळविलेले विद्यार्थी आहेत, तशीच मैदान गाजविणारी मुले-मुलीही आहेत. आम्ही स्वतः खेळाडू नव्हे. कलाशाखेचे पदवीधर आणि पोटासाठी बँकेत कारकुनी करणारे. तेव्हा खेळातील डावपेच सांगण्याचा आमचा अधिकार नाही. खेळ संपल्यावर खेळाडूच्या हाती काय उरते, आणि तो समाजाच्या हाती काय ठेवतो, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

खेळ आणि विषमता यांचा संबंध आपल्याला नवा नाही. पळवणकर बाळू हे नाव वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊक आहे. चर्मकार समाजात जन्मलेल्या या गोलंदाजाने १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर शंभराहून अधिक बळी घेतले. पण त्याच बाळूंना पुण्याच्या मैदानावर चहा मिळे तो तंबूच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही; ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पुढे बाळू राजकारणात उतरले आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळ निवडणुकीत काँग्रेसतर्फे खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे राहून सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. ती निवडणूक आपल्या इतिहासाचा भाग आहे, म्हणून अधिक सांगत नाही. खेळाडूचे नाव मोठे झाले की त्याला कोणीतरी खुर्ची देऊ करते. ती कोण देतो, केव्हा देतो आणि कशी असते, हा प्रश्न मात्र बाळूंच्या काळापासून आजतागायत तसाच आहे.

याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आम्ही आज आपणास अमेरिकेतील डेट्रॉईट या शहरात नेणार आहोत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दुःख आपल्याला परके नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र पाठविले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले, तेही तेथील 'ब्लॅक पँथर'वरून. तेव्हा तेथील दोन माणसांची हकिकत आपण घरच्या माणसांची म्हणून ऐकावी.

पहिले अर्ल लॉईड आणि दुसरे डेव्ह बिंग. दोघेही व्यावसायिक बास्केटबॉलपटू. आपल्याकडे मुंबईत नागपाड्याच्या मुलांनी हा खेळ नावारूपाला आणला, पण गावाकडच्या विद्यार्थ्यांसाठी सांगतो : प्रत्येक बाजूला पाच खेळाडू, आणि दहा फूट उंचीवरच्या कड्यातून चेंडू टाकायचा, असा हा खेळ. अमेरिकेत 'एन.बी.ए.' ही त्याची सर्वांत मोठी व्यावसायिक संघटना. लॉईड पुढे प्रशिक्षक झाले, बिंग पुढे महापौर झाले. आधी बिंग हे लॉईड यांच्या हाताखाली खेळले, आणि कालांतराने लॉईड हे बिंग यांच्या कंपनीत काम करू लागले. दोघांची कहाणी अशी एकमेकांत गुंतलेली आहे.

लॉईड यांचा जन्म १९२८ सालचा, व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया गावचा. तेथे गोऱ्यांची शाळा वेगळी आणि काळ्यांची शाळा वेगळी. लॉईड काळ्यांच्या शाळेत शिकले, काळ्यांच्याच महाविद्यालयात गेले. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी रॉचेस्टर शहरात ते वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघाकडून मैदानात उतरले आणि एन.बी.ए.च्या सामन्यात खेळणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. त्याच वर्षी चक कूपर आणि नॅट क्लिफ्टन या आणखी दोघांना इतर संघांनी घेतले होते. वेळापत्रकात लॉईड यांचा सामना आधी आला, म्हणून पहिलेपणाचा मान त्यांना मिळाला.

मान मिळाला म्हणजे अपमान थांबला, असे नव्हे. फोर्ट वेन शहरातील हॉटेलात त्यांना झोपण्यास खोली मिळाली, पण भोजनगृहात वाढण्यास नकार मिळाला. तेव्हा संघाचे गोरे प्रशिक्षक बोन्स मॅकिनी यांनी त्यांच्या खोलीत जाऊन त्यांच्याबरोबर जेवण घेतले. बाळूंचे मातीचे भांडे आणि लॉईड यांचे खोलीतले ताट यांत फारसे अंतर नाही. तथापि त्या ताटाशेजारी एक माणूस येऊन बसला, हेही आपण विसरू नये. अन्यायाची नोंद ठेवावी, तशी माणुसकीचीही ठेवावी.

मधल्या काळात लॉईड यांनी सैन्यात नोकरी केली. १९५५ साली सिरॅक्यूज नॅशनल्स संघाने अजिंक्यपद मिळविले. त्या संघात लॉईड आणि जिम टकर हे दोघे होते आणि अजिंक्य संघातील ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. १९५८ साली लॉईड डेट्रॉईट पिस्टन्स संघात आले, १९६० साली खेळातून निवृत्त झाले आणि पुढे त्याच संघासाठी नवे खेळाडू हेरण्याचे, नंतर साहाय्यक प्रशिक्षकाचे काम करू लागले.

येथे आपण जरा थांबू. कृष्णवर्णीयाने खेळावे, हे गोऱ्या मालकांनी १९५० साली मान्य केले होते. पण कृष्णवर्णीयाने संघ चालवावा, इतरांना हुकूम द्यावा, कोणाला खेळवायचे ते ठरवावे, हे मान्य होण्यास आणखी सोळा वर्षे लागली. १९६६ साली बोस्टन सेल्टिक्सने बिल रसेल यांना प्रशिक्षक केले. ते एन.बी.ए.मधील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. त्यांनी १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवून दिली आणि शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद केली. अंगमेहनत तुमची आणि बुद्धी आमची, ही जी जुनी वाटणी, ती तेथेही होती. आपल्याकडे तिला धर्माचा आधार होता, तेथे रंगाचा होता, इतकेच.

लॉईड यांना मुख्य प्रशिक्षकपद कसे मिळाले ते पाहा. १९७१-७२ चा हंगाम सुरू झाला आणि दहा सामने होताच पिस्टन्सच्या प्रशिक्षकांनी पद सोडले. दोन सामने एका खेळाडूने कसेबसे सांभाळले. मग विस्कटलेला संघ लॉईड यांच्या स्वाधीन करण्यात आला. संघाचा सर्वांत मोठा खेळाडू होता डेव्ह बिंग, आणि हंगामाच्या तोंडावरच त्याच्या उजव्या डोळ्याला मार बसून नेत्रपटल निसटले होते. ८२ सामन्यांपैकी ३७ सामने बिंग खेळूच शकले नाहीत. लॉईड यांच्या हाताखाली त्या हंगामात संघाने २० सामने जिंकले आणि ५० गमावले. पुढच्या हंगामात अवघे सात सामने झाले, त्यांतील पाच हरले, आणि लॉईड यांना काढून टाकण्यात आले.

नोंदवहीत लिहिले गेले : विजय २२, पराभव ५५. नोंदवही एवढेच सांगते. प्रशिक्षक आला तेव्हा संघाची काय अवस्था होती, याचा रकाना तीत नसतो.

भगवान बुद्धांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकविला. कोणतीही गोष्ट आपोआप घडत नाही, तिच्या मागे कारणे असतात, आणि कारणे न पाहता फळाला नावे ठेवणे म्हणजे अज्ञान. ही शिकवण विहारात बसून वाचण्यापुरती नाही. आपल्यातील कोणी पदावर गेला, अपयशी ठरला आणि चहूकडून "पाहा, यांना जमत नाही" असा सूर निघाला, तर तेव्हा ती वापरावयाची असते.

लॉईड यांच्या कारकिर्दीची आणखी एक नोंद करावी लागेल. त्यांचे साहाय्यक होते रे स्कॉट, तेही कृष्णवर्णीय आणि पिस्टन्सचे माजी खेळाडू. लॉईड गेल्यावर संघ स्कॉट यांच्याकडे आला. १९७३-७४ च्या हंगामात त्यांनी ५२ सामने जिंकून दिले आणि ते 'वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक' हा बहुमान मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. लॉईड स्वतः हरले, पण आपल्या शेजारच्या खुर्चीवर त्यांनी तयार माणूस बसविलेला होता. पुढे लॉईड यांनी डेट्रॉईटच्या सार्वजनिक शाळांमधील मुलांना नोकरी मिळवून देण्याच्या विभागात काम केले. २००३ साली त्यांचा बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

आता डेव्ह बिंग यांच्याकडे वळू.

बिंग यांचा जन्म १९४३ सालचा, राजधानी वॉशिंग्टनमधला. वडील गवंडीकाम करीत. लहानपणी काठ्यांचा घोडा करून खेळताना त्यातील खिळा डाव्या डोळ्यात घुसला. शस्त्रक्रियेइतके पैसे घरात नव्हते. त्या डोळ्याने त्यांना जन्मभर अंधुकच दिसले. अशा एका डोळ्याच्या मुलाने दूरवरून अचूक नेम धरण्याचा खेळ निवडला आणि १९६६ साली तो डेट्रॉईटच्या संघात आला. १९६७-६८ च्या हंगामात संपूर्ण एन.बी.ए.मध्ये सर्वाधिक गुण त्यांचे होते. मघाशी सांगितलेली उजव्या डोळ्याची दुखापत झाली तेव्हा खेळ सोडण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता, तरी ते त्याच हंगामात परतले. १९७८ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर अठरा हजारांहून अधिक गुण होते.

परंतु आम्हाला बिंग यांची ओळख पटली ती वेगळ्याच ठिकाणी. डेट्रॉईटमध्ये आल्यावर ते घरासाठी कर्ज मागण्यास एका मोठ्या बँकेत गेले आणि त्यांना नकार मिळाला. त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांभोवती नकाशावर लाल रेघ ओढलेली असे आणि रेघेच्या आत सहसा कर्ज दिले जात नसे. घरांच्या बाबतीतील भेदभावाविरुद्ध कायदा झाला तो १९६८ साली. बिंग यांनी काय करावे? वर्षातील काही महिने खेळाचा हंगाम नसे. इतर खेळाडू त्या काळात विश्रांती घेत. बिंग बँकेत नोकरीला लागले. रोखपालाच्या खिडकीवर बसले, ग्राहकांचे काम शिकले, शाखा कशी चालते ते शिकले. सुमारे सात वर्षे हा क्रम चालला. ज्या दारातून नकार मिळाला, त्या दाराच्या आत काय असते हे त्यांनी समजून घेतले. बँकेच्या काउंटरच्या आत बसणारी आम्ही माणसे, त्यामुळे याची किंमत आम्ही जाणतो. अर्ज करणारा आणि अर्ज तपासणारा यांच्यामध्ये एक लाकडी फळी असते, आणि आपल्या समाजाचे कित्येक पिढ्यांचे आयुष्य त्या फळीच्या बाहेर उभे राहण्यात गेले आहे.

निवृत्तीनंतर बिंग यांनी दोन वर्षे एका पोलाद कंपनीत उमेदवारी केली. १९८० साली स्वतःचे ८० हजार डॉलर आणि अडीच लाख डॉलरचे कर्ज यांवर चार कामगारांनिशी स्वतःची कंपनी काढली. पहिल्या सहा महिन्यांत गाठीचे पैसे बुडाले. पण ते टिकून राहिले, मोटार कारखान्यांची कामे मिळाली, आणि १९८४ साली अध्यक्ष रेगन यांच्या हस्ते अल्पसंख्याक समाजातील उत्कृष्ट लघुउद्योजक म्हणून त्यांचा गौरव झाला. पुढे अर्ल लॉईड याच कंपनीत समाजसंपर्काचे काम पाहू लागले. १९८९ साली पैशाअभावी डेट्रॉईटच्या शाळांतील खेळ बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा बिंग यांनी पुढाकार घेऊन ३ लाख ७३ हजार डॉलर उभे केले आणि खेळ चालू ठेवले. समाजाचे ऋण फेडणे म्हणतात ते हेच.

विद्यार्थी मित्रांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बिंग सिरॅक्यूज विद्यापीठात शिकले, पण पदवीचा अभ्यास अपुरा राहिला होता. तो त्यांनी १९९५ साली, पन्नाशी उलटल्यावर पूर्ण केला. निवडणुकीच्या वेळी विरोधकांनी आणि वृत्तपत्रांनी त्यांच्या शिक्षणाच्या माहितीतील विसंगतीवर बोट ठेवलेच. सार्वजनिक जीवनात उतरणाऱ्याने आपली कागदपत्रे चोख ठेवावीत. आपल्याला सवलत देणारा समाज नाही, हे गृहीत धरूनच चालावे.

आता डेट्रॉईट शहराविषयी थोडे सांगणे भाग आहे, त्याशिवाय पुढचे कळणार नाही. हे मोटारींचे शहर. १९५० साली लोकसंख्या साडेअठरा लाख. दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय मजूर कारखान्यांत कामाला आले. पुढे कारखाने उपनगरांत आणि अन्य राज्यांत गेले, त्यांच्या मागोमाग गोरी कुटुंबे गेली, आणि त्यांच्याबरोबर कर भरणारा पैसाही गेला. जुलै १९६७ मध्ये पोलिसांच्या एका छाप्यावरून उद्रेक झाला, त्यात ४३ माणसे मेली. बिंग तेव्हा नुकताच पहिला हंगाम खेळलेले तरुण होते. १९७३ साली कोलमन यंग हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. म्हणजे ज्या काळात शहराचा पैसा बाहेर चालला होता, त्याच काळात शहराची किल्ली कृष्णवर्णीयांच्या हाती आली. २०१० साली लोकसंख्या सव्वासात लाखांहून कमी उरली आणि पाचांतील चारांहून अधिक माणसे कृष्णवर्णीय होती.

२००८ साली महापौर क्वामे किलपॅट्रिक यांना गैरवर्तनाच्या प्रकरणात गुन्हा कबूल करून पायउतार व्हावे लागले. शहराचे नाव बदनाम झाले. अशा वेळी लोकांना निष्कलंक नाव हवे होते. पासष्ट वर्षांचे बिंग उभे राहिले. ते तोवर शहराबाहेर उपनगरात राहत होते आणि निवडणुकीसाठी शहरात राहावयास आले, म्हणून टीकाही झाली. ती अगदीच गैरवाजवी होती, असे आम्ही म्हणणार नाही. ५ मे २००९ च्या विशेष निवडणुकीत त्यांनी हंगामी महापौर केन कॉक्रेल यांचा पराभव केला आणि नोव्हेंबरमध्ये पूर्ण मुदतीसाठी ते पुन्हा निवडून आले.

त्यांच्या हाती काय आले? त्याच वर्षी एप्रिलअखेर क्रायस्लर आणि १ जूनला जनरल मोटर्स या मोटार कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. या दोन तारखांच्या मधोमध बिंग यांचा शपथविधी झाला. महापालिकेच्या अंदाजपत्रकात तीस कोटी डॉलरच्या आसपास तूट होती. २००५ साली निवृत्तिवेतन निधीसाठी सुमारे १४० कोटी डॉलरचे कर्ज काढले गेले होते आणि त्याला जोडलेले व्याजाचे करार शहराच्या अंगावर आले होते. राज्य सरकारकडून येणारा महसुलाचा वाटा वर्षानुवर्षे घटत होता. हजारो घरे ओसाड पडलेली, आणि सुमारे चाळीस टक्के पथदिवे बंद. यांतले कोणतेही दुखणे मे २००९ मध्ये सुरू झालेले नव्हते.

बिंग यांनी चार वर्षांत दहा हजार ओसाड घरे पाडण्याचा संकल्प सोडला, शहराच्या भविष्याचा आराखडा तयार करण्याचे काम सुरू केले. त्याचबरोबर कर्मचाऱ्यांच्या वेतनात कपात केली, कामगार संघटनांचा रोष ओढवून घेतला. ज्यांचे पगार कापले गेले ते बहुतांश कृष्णवर्णीयच होते, आणि ज्यांची बस वेळेवर येईना तेही. बिंग यांच्या बाजूने बोलताना त्या लोकांचे दुःख आपण झाकून ठेवता कामा नये. नोकरदार माणूस म्हणून आम्हाला कापलेला पगार म्हणजे काय ते कळते.

एवढे करूनही हिशेब जुळला नाही. मार्च २०१३ मध्ये राज्याच्या राज्यपालांनी आणीबाणीचा व्यवस्थापक नेमला. अमेरिकेत राज्यपाल हा निवडून आलेला कारभारी असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. महापौर आणि नगरसेवक नावापुरते राहिले आणि अधिकार त्या व्यवस्थापकाकडे गेले. अशा व्यवस्थापकाला अधिकार देणारा आधीचा कायदा मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदानाने रद्द केला होता. महिनाभरात विधिमंडळाने नवा कायदा करून तेच पुन्हा आणले. मे महिन्यात बिंग यांनी पुन्हा निवडणूक लढविणार नसल्याचे जाहीर केले. १८ जुलै २०१३ रोजी डेट्रॉईटने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणे १८ अब्ज डॉलर वा त्याहून अधिक, आणि अमेरिकेतील कोणत्याही शहराची तोवरची सर्वांत मोठी दिवाळखोरी. डिसेंबर २०१४ मध्ये शहर त्यातून बाहेर पडले, पण सामान्य निवृत्त कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन साडेचार टक्क्यांनी कापले गेले आणि महागाईनुसार मिळणारी वाढही गेली.

मित्रहो, आता दोन्ही कहाण्या शेजारी ठेवून पाहा. लॉईड यांना संघ मिळाला तो विस्कटल्यावर. बिंग यांना शहर मिळाले ते बुडताना. घर पडायला आले की किल्ली आपल्या माणसाच्या हाती द्यायची आणि घर पडले की पडण्याचा दोषही त्याच्याच माथी मारायचा, असा हा प्रकार आहे. तो कोणी ठरवून कट केला असेल असे नाही. पण फळ तेच निघते.

आपल्याकडे काय आहे? १९९२ साली संसदेने ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि १९९३ पासून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत अनुसूचित जाती, जमाती आणि महिला यांच्या राखीव जागांना घटनेचे बळ मिळाले. आपली माणसे सरपंच झाली, नगरसेवक झाली, महापौर झाली. हा हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत. पण राखीव जागेवर आपली भगिनी सरपंच होते, आणि दप्तर मात्र दुसऱ्याच्या घरी असते, हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. सही आपली आणि हिशेब त्यांचा. मग गैरव्यवहार निघाला की चौकशी सहीची होते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला आणि जो १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्याचा विषय होता ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्था. म्हणजे वरचे सरकार आणि खालचे सरकार यांच्यात पैसा कसा वाटला जातो, हा. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून वंदन करतो, पण त्यांनी अभ्यासाची सुरुवात जमाखर्चापासून केली होती, हे विसरतो. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ साली केला होता. ठराव कागदावरच राहिला म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. स्थानिक सत्तेचा कागद आणि प्रत्यक्ष पाणी यांतले अंतर आपल्या चळवळीने स्वतःच्या पायांनी मोजले आहे.

म्हणून या व्यासपीठावरून आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली, खेळाडू विद्यार्थ्यांसाठी. खेळाचे वय थोडे असते. हंगाम नसतो त्या महिन्यांत काहीतरी शिका. बिंग यांनी बँकेची खिडकी निवडली, तुम्ही टंकलेखन, संगणक, हिशेब, कायदा, काहीही निवडा. आणि स्वतः खेळत असतानाच वस्तीतल्या दोन लहान मुलांना शिकवा. रे स्कॉट तयार होते म्हणून लॉईड यांचे अपयश वाया गेले नाही.

दुसरी, संस्थेसाठी. आपल्या विहारात वर्षावासात ग्रंथवाचन होते. तसेच वर्षातून एकदा आपल्या ग्रामपंचायतीचे वा महापालिकेचे अंदाजपत्रक आणून त्याचे जाहीर वाचन व्हावे. आपल्या वस्तीच्या नावावर किती रक्कम आली, किती खर्च झाली, किती परत गेली. हे वाचता येणारी दहा मुले आपण दरवर्षी तयार केली, तर आपला सरपंच एकटा पडणार नाही. आम्ही बँकेत काम करणारे सभासद हे शिकविण्यास तयार आहोत.

तिसरी, आपणा सर्वांसाठी. आपल्यातील कोणी पदावर गेल्यास त्याला पहिल्या दिवशी हारतुरे आणि शेवटच्या दिवशी शिव्या, ही पद्धत सोडावी. त्याने चूक केली तर अवश्य जाब विचारावा. परंतु विचारताना त्याला काय मिळाले होते, हे आधी पाहावे. आणि पदावर जाणाऱ्यानेही किल्ली घेण्यापूर्वी वही मागावी. तूट किती, देणे किती, अधिकार कोणते, हे लेखी घ्यावे आणि लोकांना पहिल्याच महिन्यात सांगावे. पुढे अपयश आलेच, तर निदान खरे काय ते लोकांपाशी नोंदलेले राहील.

बिंग यांनी महापौरपद सोडल्यावर काय केले, ते सांगून थांबतो. त्यांनी २०१४ साली डेट्रॉईटमधील कृष्णवर्णीय मुलांसाठी एक संस्था काढली. एकेका मुलाला एकेक जाणता माणूस जोडून द्यायचा आणि त्याने त्या मुलाच्या शिक्षणाकडे, वागणुकीकडे लक्ष द्यायचे, असे तिचे काम. सत्तरी ओलांडलेल्या, पद गेलेल्या, टीका सोसलेल्या माणसाने घरी बसून राहावे, यात गैर काही नव्हते. पण ते बसले नाहीत. शहराची तिजोरी भरणे त्यांना साधले नाही. मुले घडविणे साधण्यासारखे होते, ते त्यांनी हाती घेतले.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्या हाती प्रमाणपत्र आले आहे. उद्या नोकरी येईल, परवा कदाचित पदही येईल. ते येईल तेव्हा सोबत रिकामी तिजोरीही येईल, असे धरून तयारी करा. तयारी असलेला माणूस हरला तरी त्याच्या मागून येणारा जिंकतो.



नमो बुद्धाय! जयभीम!